आठ महिन्यांनंतर: ५५ इंची टीव्ही आणि त्याच्या पाठीवरचा नंबर

इंदूरला महाराणी रोडवर टीव्ही बघायला गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "भिया, दोनों सेम पीस हैं, बस नंबर का फरक है।" सगळा फरक त्या नंबरातच असतो. ज्या सेटबद्दल लिहितोय तो ५५ इंची, फोर-के, ६० हर्ट्झचा (म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलू शकतं), २०२३ च्या मालिकेतला. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे त्याची गाऱ्हाणी आहेत आणि ती याच किमतीच्या बहुतेक सेटना लागू पडतात.

आधी मॉडेल नंबर. सॅमसंगचा 'यूए ४३ सीयू ७७०० केएलएक्सएल' घ्या. पहिला 'यू' म्हणजे साधा एलईडी, तिथे 'क्यू' असेल तर क्यूएलईडी, म्हणजे रंग जास्त खुलवणारा एलईडी. दुसरा 'ए' आशियाचा. तिथे 'ई' असेल तर सेट युरोपचा, 'एन' असेल तर उत्तर अमेरिकेचा. अमेरिकेहून कोणी 'यूएन' वाला स्वस्तात आणून देतो म्हणालं तर घेऊ नका, त्याचा ट्यूनर तिकडच्या प्रसारणासाठी असतो आणि इथे वॉरंटीचा प्रश्न उरतोच. मग ४३ इंच. 'सीयू' मधला 'सी' हे वर्षाचं अक्षर: टी २०२०, ए २०२१, बी २०२२, सी २०२३, डी २०२४. ई गाळून २०२५ ला थेट एफ दिलं. ७७०० ही मालिका, आणि शेवटचं 'एक्सएल' भारताचं. क्यूएलईडीत हेच वर्षाचं अक्षर मालिकेच्या मागे जातं: क्यू६०बी, क्यू६०सी, क्यू६०डी. ऑनलाइन आणि दुकानातल्या सेटमध्ये मधलं एखादं अक्षर वेगळं असतं, म्हणून दोन्हीकडच्या किमती ताडून बघताना पूर्ण नंबर घ्या, अर्धा नको.

एलजीच्या साध्या फोर-के सेटमध्ये यूएन, यूपी, यूक्यू, यूआर, यूटी अशी २०२० ते २०२४ ची ओळ आहे. ओएलईडीत (ज्यात मागे दिवे नसतात, पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) सीएक्स २०२० चा, मग सी१, सी२ करत सी५ म्हणजे २०२५. हे सोपं.

खरी गंमत सोनीत. 'केडी-५५एक्स८०एल' आणि 'एक्सआर-५५एक्स९०एल' शेजारी शेजारी लावले तर लांबून सारखेच दिसतात. शेवटचा 'एल' दोघांचा, म्हणजे दोन्ही २०२३ चे (जे २०२१, के २०२२). पण पुढचं 'एक्सआर' सांगतं की प्रोसेसर, म्हणजे चित्र सुधारणारी चिप, वरच्या दर्जाचा आहे. एक्स९०एल ला १२० हर्ट्झचं पॅनल आहे आणि मागच्या दिव्यांचा उजेड तुकड्यातुकड्याने कमी-जास्त होतो. एक्स८०एल ला यातलं काहीच नाही. उलट एक्स८०के आणि एक्स८०एल यांत वर्ष बदललं तरी जमीन-अस्मानाचा फरक नाही, तेव्हा आदल्या वर्षीचा बराच स्वस्त मिळत असेल तर खुशाल घ्या. २०२४ पासून सोनीने 'के-५५एस३०' अशी नवी पद्धत आणली आणि वर्षाचं अक्षरच काढून टाकलं. तिथे खोक्यावरचा उत्पादनाचा महिना हाच आधार.

खोक्यावर आणखी दोन गोष्टी वाचा. एक, सेंटिमीटर. '४३ इंची' सेटवर १०८ सेंमी लिहिलेलं असतं. ४३ इंचांचे होतात १०९.२, म्हणजे पडदा प्रत्यक्षात साडेबेचाळीस इंचांचा. फसवणूक नाही, पण सगळे असंच मोजतात हे माहीत असावं. दुसरी, एमआरपी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुन्या स्टॉकच्या खोक्यावर जुनी एमआरपी दिसू शकते, बिलात मात्र १८ टक्केच हवा.

आता वापर. दिवसा चित्र छान. रात्री दिवा बंद करून सिनेमा लावला की काळा रंग राखाडी दिसतो, कारण मागचे दिवे सगळे एकदमच कमी-जास्त होतात. खोलीत मंद दिवा ठेवला तर ते कमी खुपतं. दुकानातल्या झगझगाटात हा दोष दिसणं शक्य नव्हतं. क्रिकेट सुरळीत दिसतं. सेट-टॉप बॉक्सचं प्रसारण आपल्याकडे ५० हर्ट्झचंच आहे, त्यामुळे १२० चं पॅनल लागतं ते मुख्यतः नव्या गेमिंग कन्सोलला. 'मोशन रेट', 'ट्रूमोशन' अशा नावांपुढचा मोठा आकडा पॅनलचा वेग नव्हे. 'नेटिव्ह', म्हणजे पॅनलचा खरा, आकडा विचारा.

सर्वांत जास्त डोकं खाल्लं ते स्टोरेजने. ८ जीबीतली निम्मी जागा सिस्टिमच खाते. सहाव्या महिन्यात अॅप उघडायला वेळ लागू लागला. न वापरलेली अॅप काढली, उरलेल्यांचा कॅशे (अॅपने साठवलेला तात्पुरता डेटा) साफ केला, प्लग काढून दोन मिनिटं तसाच ठेवला, तेव्हा चाल सुधारली. रिमोटचं बटण दाबून टीव्ही खरा बंद होत नाही, झोपतो फक्त. नेटची केबल लावून वेग वाढेल असं वाटत असेल तर थांबा: बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, राउटर जवळ असेल तर ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय जास्त देतं.

एचडीएमआय पोर्ट तीन आहेत, पण एचडीएमआयवरून साउंडबार चालतो तो फक्त 'ईएआरसी' (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारा) लिहिलेल्या एकाच पोर्टवर. केबल लावायला आलेला मुलगा घाईत सेट-टॉप बॉक्स तिथेच खोचतो आणि मग घरातले म्हणतात साउंडबार बिघडला.

भिंतीवर टांगताना पाठीवरच्या चार भोकांचं अंतर (२०० बाय २००, ३०० बाय ३०० वगैरे) आणि स्क्रूचा व्यास, एम६ की एम८, मॅन्युअलमध्ये बघा. लांब स्क्रू आतून पॅनलवर दाब देतो आणि पुढे कायमचा पांढरा डाग उमटतो. टेबलावर ठेवणार असाल तर पायांमधलं अंतर मोजा. ५५ इंची सेटची रुंदी साधारण १२३ सेंमी आणि पाय बहुधा दोन्ही टोकांना, मग जुन्या शोकेसवर तो मावत नाही.

स्टॅबिलायझरचा आग्रह धरणारे भेटतील. पाठीवर '१००-२४० व्होल्ट' लिहिलं असेल तर त्याची गरज नाही. स्पाइक गार्ड मात्र लावा. पावसाळ्यात आमच्या माळव्यात विजा कडाडायला लागल्या की प्लगबरोबर डिशची केबलही काढा. झटका बहुतेकदा त्याच वाटेने एचडीएमआयपर्यंत पोचतो. विजेचा खर्च फार नाही: ११० वॅटचा सेट रोज पाच तास चालला तर महिन्याला सोळा-सतरा युनिट.

आणि बिल. 'एलईडी ५५, १ नग' एवढंच लिहून देतात. पूर्ण मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर दुकानातच लिहून घ्या, सर्व्हिसवाला पहिल्यांदा तेच विचारतो. भिंतीवर चढवण्याआधी पाठीच्या स्टिकरचा फोटोही काढून ठेवा. नंतर तो वाचायला दोन माणसं आणि एक स्टूल लागतं.