सहा इंची बेंच ग्राइंडरवर घरच्या घरी बफिंग: दहा महिन्यांच्या वापरानंतर

सामान एवढंच: सहा इंची बेंच ग्राइंडर, दोन्ही बाजूंचे दगड काढून त्या जागी बफ (म्हणजे पॉलिशची कापडी किंवा धाग्याची चाकं), तीन प्रकारचे पॉलिश बार (बफला लावायच्या पॉलिशच्या घट्ट कांड्या), वॉटर पेपरची, म्हणजे पाणी लावून घासायच्या पॉलिश पेपरची, चळत आणि शेवटच्या हातासाठी ऑटोसोल या पॉलिश पेस्टची ट्यूब. त्यावर दहा महिन्यांत कास्ट आयर्न इंजिनच्या जुन्या बुलेट मोटरसायकलची दोन्ही बाजूंची इंजिन कव्हरं, पुढच्या शॉकअपचे बॉटम, मागची ब्रेक प्लेट, क्लच-ब्रेकचे लिव्हर, स्टेनलेसचे बोल्ट आणि थोडं पितळ एवढं झालं. अ‍ॅल्युमिनियमसाठी हा सेटअप उत्तम आहे. स्टेनलेसवर काम निभावतं. क्रोमचा पार्ट मात्र या मशीनसमोर धरूच नये, त्याचं कारण पुढे येईल.

आधी वेगाचं बोलू, कारण घरच्या पॉलिशची बहुतेक नासाडी तिथेच होते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर बेंच ग्राइंडर मिनिटाला साधारण २,८५० फेरे घेतो. १५० मिमीच्या बफची कड त्या वेगात सेकंदाला सुमारे २२ मीटर धावते, आणि अ‍ॅल्युमिनियमला हे मानवतं. हातातल्या चार इंची अँगल ग्राइंडरला कापडी चाक लावलं तर ११,००० फेऱ्यांवर तीच कड ५७ मीटरच्या पुढे जाते. बार कापडावर टिकत नाही, भिंतीवर उडतो. पार्ट तापतो आणि मऊ धातू घासला जाण्याऐवजी फासला जातो. चकाकीखाली लाटा दिसतात त्या याच्याच. ड्रिलला लावलेलं चार इंची बफ सेकंदाला १५ मीटरच्या आसपास पडतं. कोपऱ्यांना आणि लिव्हरच्या आतल्या वळणाला ते फार उपयोगी, पण तासभर बाजूचा दाब देत राहिलं तर ड्रिलचं बेअरिंग जातं.

मशीन घेताना वॅट बघा. दीडशे वॅटचा ग्राइंडर दगडाने छिन्नीला धार लावायला ठीक आहे, बफवर पार्ट जरा दाबला की तो थांबतो. अर्धा एचपी, म्हणजे ३७० वॅटच्या आसपास, असेल तर काम सरळ होतं. बऱ्याच मशीनच्या पट्टीवर ‘एस२ ३० मिनिटं’ असं छापलेलं असतं. अर्धा तास चालवा, मग थंड होऊ द्या, असा त्याचा अर्थ. घरी वापरणाऱ्याला त्याची अडचण होत नाही, तेवढ्या वेळात पुढच्या पार्टला पेपर मारून होतो.

बफ बसवताना दोन गोष्टींवर लोक अडतात. डाव्या बाजूच्या नटाला उलटे आटे असतात. जोर लावून नेहमीच्या दिशेने फिरवला तर आटे मरतात. दुसरी गोष्ट भोकाची. सहा इंची मशीनचा स्पिंडल, म्हणजे चाक बसतं तो फिरता दांडा, बहुधा १२.७ मिमीचा असतो आणि बाजारातल्या बफचं भोक मोठं निघतं. तसंच आवळलं की चाक लंगडतं, पार्टवर ठोके बसतात आणि पृष्ठभागावर पट्टे उमटतात. खराद्याकडून छोटा बुश, म्हणजे भोकातली जागा भरणारी कडी, करून घेतला की प्रश्न मिटतो.

गार्ड आणि टूल रेस्ट (चाकासमोरची टेकू पट्टी) काढल्यावर हे मशीन फक्त बफिंगचं राहू द्या. लोखंडाच्या ठिणग्या आणि अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड एकाच जागी आली तर आग लागू शकते, आणि ती साधी आग नसते. अ‍ॅल्युमिनियम करड्या दगडावर घासणंही तितकंच वाईट. धातू दगडाच्या छिद्रांत भरतो, दगड तापतो आणि फुटू शकतो.

आता खरं काम, जे मशीन सुरू करण्याआधीचं आहे. पार्टवर कंपनीचा लॅकर, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर, असेल तर तो पूर्ण निघाला पाहिजे. कोपऱ्यात पेस्ट लावून फडक्याने घासून बघा. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे, पांढरंच राहिलं तर वर लॅकर आहे. जाडसर पेंट रिमूव्हर ब्रशने थापायचा, वर प्लास्टिकचा कागद, पंधरा-वीस मिनिटांनी फुगलेला थर लाकडी पट्टीने खरवडायचा. कॉस्टिक सोडा आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड या दोन्हींपासून अ‍ॅल्युमिनियम लांब ठेवा. दोन्ही धातूच खातात, पार्ट काळवंडतो आणि खड्डे पडतात. भांड्यांची सवय म्हणून राख किंवा विटेची पूड वापरणारे अजून भेटतात. त्यातला एकेक खडा हजार नंबरच्या बारीक पेपरने केलेल्या कामावर ओरखडा ओढतो.

इंजिनची कव्हरं मोकळी काढूनच पॉलिश करा. बुलेटच्या उजव्या टायमिंग कव्हरमध्ये ऑइल फिल्टरची जागा आणि तेलाच्या वाटा आहेत. त्यात बफचा धागा नि बारचा चिकटा गेला तर चकाकी राहील बाजूला, इंजिन जाईल. भोकं आतून-बाहेरून टेपने बंद करा, ऑइल सील काढून ठेवा, गॅस्केट बसतो त्या सपाट कडेला बफ लागू देऊ नका. ती कड गोल झाली की तेल गळणारच. काम संपल्यावर डिझेलने धुवा, मग साबणाच्या गरम पाण्याने, आणि प्रत्येक वाटेतून हवा मारा.

वॉटर पेपरचा क्रम जाड ते बारीक, ३२०, ४००, ६००, ८००, १००० असा. पाण्यात दोन थेंब भांड्याचा लिक्विड साबण टाका, म्हणजे पेपर भरत नाही. दर नंबरला दिशा काटकोनात बदला आणि आधीच्या नंबरची एकही रेघ शिल्लक नसेल तेव्हाच पुढे जा. नियम सगळ्यांना पाठ असतो, तरी घाई होतेच. ४०० च्या राहिलेल्या रेघा ८०० वर दिसत नाहीत, बफ झाल्यावर उन्हात लख्ख दिसतात, आणि मग परत ४०० पासून सुरुवात. जिथे खोल ओरखडा नाही तिथे ३२० लावूच नका. ओतीव अ‍ॅल्युमिनियमची वरची कातडी घट्ट असते, तिच्याखाली सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात. ती एकदा उघडी पडली की जितकं घासाल तितकी नवी निघतात.

बफचे तीन प्रकार लागले. पहिलं सायसलचं, म्हणजे घायपाताच्या धाग्याचं, त्यावर तपकिरी ट्रिपोली बार. हे कापतं. ते असेल तर पेपर ६०० वर थांबवला तरी चालतो. फक्त कापडी बफ असतील तर १००० पर्यंत जावं लागतं. मग गोल शिवण घातलेलं कापडी बफ आणि पांढरा बार, शेवटी एकाच शिवणीचं मोकळं कापड आणि तोच पांढरा बार, अगदी हलक्या हाताने. हिरवा बार स्टेनलेससाठी, त्याचं बफ वेगळं. एका बफवर एकच बार, हे कटाक्षाने पाळा. प्रत्येक बफ त्याच्या नावाच्या पिशवीत बंद करून ठेवा.

बार चाकाला सेकंद-दोन सेकंदच टेकवायचा, पण वारंवार. जास्त लावला की पार्टवर काळे चिकट पट्टे येतात, आणि नवखा माणूस ते घालवायला आणखी बार लावतो. बरोबर उपाय उलटा आहे: चालू चाकावर जुनं हॅकसॉ ब्लेड हलकं टेकवून साचलेला थर झाडून टाका आणि पार्ट कोरड्या चाकावर फिरवा. उरलेला तेलकट थर कॉर्नफ्लोअर शिंपडून मऊ फडक्याने पुसला की निघतो.

पार्ट धरायची जागा स्पिंडलच्या पातळीच्या जराशी खाली. समोरून चाक खाली जात असतं, म्हणून मधून खालच्या कडेकडे पॉलिश करा, मग पार्ट उलटा करून उरलेला अर्धा. वरची कड चाकाला आडवी गेली की चाक पार्ट हिसकावून जमिनीवर आपटतं. लिव्हर आणि पातळ पट्ट्या यात पहिल्या जातात. खाली जुनी गोधडी अंथरा. चष्मा आणि मास्क हवेतच, सैल सुती हातमोजे आणि लोंबती बाही नको. पार्ट हाताला सोसवेना इतका तापला की खाली ठेवा.

दहा महिन्यांनंतर काय टिकलं? मशीनला काही झालं नाही. सायसलचं बफ झिजून बरंच लहान झालं. व्यास कमी झाला की कडेचा वेगही कमी होतो, कापणं मंदावतं, म्हणून ते बदलायला झालंय. कापडी बफ अजून चांगले आहेत.

चकाकीचा कस पावसाळ्यात लागला. तुलनेसाठी डाव्या कव्हरवर पारदर्शक लॅकर मारला होता, उजवं उघडं ठेवलं होतं. पहिले तीन महिने डावं सरस दिसलं. मग खड्यांनी टवके उडाले तिथून ओल आत शिरली आणि लॅकरखाली अळीसारख्या पांढुरक्या रेघा पसरल्या. सिलिंडरजवळचा भाग उष्णतेने पिवळसर झाला. आता तो सगळा लॅकर काढणं आलं. उघडं कव्हर पावसात दर पंधरवड्याला मंद पडत होतं, पण वाटाण्याएवढ्या पेस्टने दहा मिनिटांत परत येत होतं. त्यामुळे इंजिनवर लॅकर नको, हे आमचं ठाम मत झालं. मेणाचं पॉलिश शॉकअपच्या बॉटमवर चांगलं टिकतं, तापणाऱ्या कव्हरवर लवकर उडतं. कोकणात, खाऱ्या हवेत गाडी असेल तर गोड्या पाण्याने धुणं हाच अर्धा उपाय, आणि ओल्या सिमेंटचा शिंतोडा उडाला तर त्याच दिवशी धुवा. वाळला की डाग धातूत उतरतो.

पेस्ट लावताना फडकं काळं होणं थांबत नाही, थांबणारही नाही. ती मळी नसून घासला जाणारा धातूच असतो. चकाकी आली की थांबा.

राहिलं क्रोम. वरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, चमक त्याच्याखालच्या निकेलची. ट्रिपोलीच्या बफने कडेवरचं क्रोम उडतं आणि तिथे पिवळट निकेल दिसू लागतं. ते परत प्लेटिंगलाच द्यावं लागतं. बेंड पाइपचा निळेपणा पेस्टने हाताने निघतो, पण कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ असेल किंवा टायमिंग चुकलं असेल तर पुन्हा निळा होतो. आधी ट्युनिंग करून घ्या. अ‍ॅनोडाइज केलेल्या, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वर कठीण ऑक्साइडचा थर चढवलेल्या, पार्टवरही बफ फिरवून उपयोग नाही, तो थर कठीण असतो, आणि ज्या जागी निघेल तिथे ठिपके दिसतात. पितळी नटांना मात्र एवढा व्याप नको. पितांबरी, थोडं पाणी, जुना टूथब्रश आणि लगेच कोरडं पुसणं पुरतं.