ओळखीतलं पिल्लू की ब्रीडरकडचं?

मी दोन्ही करून बसलोय. २०११ साली बंड्या आला तो ऑफिसातल्या एका मित्राच्या नौपाड्यातल्या घरून, रिक्षात, बायकोच्या मांडीवरच्या टॉवेलात. गेल्या वर्षी चिंगी आली ती मुरबाडच्या पुढच्या एका ब्रीडरकडून, सात महिने वाट बघून आणि चार पानी करारावर सही करून. दोघंही लॅब्रेडॉर, दोघंही पिवळे. घर तेच, घोडबंदर रोडवर मानपाड्याला, सहावा मजला. शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात. माझ्याकडे शितं दोनच आहेत, तेवढं धरून वाचा.

दुकानाचा पर्याय यात घेतलेला नाही. पार्व्होची, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाबांनी आडवं करणाऱ्या विषाणूची, लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी जास्तही. काचेपलीकडे उड्या मारणारं पिल्लू घरी येऊन चौथ्या दिवशी ओकायला लागतं, आणि ‘आमच्याकडे तर ठणठणीत होतं’ असं दुकानदार म्हणतो तेव्हा तो खोटंही बोलत नसतो बिचारा. एवढ्यावर तो विषय सोडतो.

आणि गावठी का नाही, असं विचाराल तर माझ्याकडे धड उत्तर नाही. नाव लॅब्रेडॉर असलं तरी हे कुत्रं मुळात कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाचं, बर्फाळ पाण्यात कोळ्यांच्या हाताखाली घडलेलं. त्याला ठाण्याच्या मे महिन्यात आणून ठेवण्यात शहाणपणा कमीच आहे. आमच्याकडे लॅबचं वेड सासऱ्यांपासून चालत आलंय, एवढंच म्हणतो. तुम्हाला ते नसेल तर आपल्याच गल्लीतलं एखादं उचला आणि पुढचं वाचू नका.

आधी ओळखीतल्या पिल्लाची बाजू, कारण ती अजिबात लेचीपेची नाही. आई डोळ्यांसमोर असते आणि ती पिंजऱ्यात नाही, सोफ्यावर असते. पिल्लं कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, बेल आणि दोन शाळकरी पोरांच्या दंग्यात वाढलेली असतात. बंड्या आयुष्यात कधी फटाक्यांना घाबरला नाही. दिवाळीत बिल्डिंगखाली हजाराची माळ लागायची आणि हा दिवाणाखाली घोरत पडलेला. त्याचं श्रेय मी त्या नौपाड्याच्या स्वयंपाकघरालाच देतो. पैशांचं म्हणाल तर ‘खर्चापुरते द्या’ म्हणून सहा हजार, आणि तेही घेताना मित्राचा जीव वरखाली. चिंगीला त्याच्या सहापट मोजले. शिवाय रात्री अकरा वाजता पिल्लू रडायला लागलं की वहिनींना फोन करता येतो, आणि वहिनी तो उचलतात.

मग अडलं कुठे? तोंडात. ओळखीत तोंड उघडता येत नाही.

पिल्लं बघायला पहिल्यांदा गेलो तेव्हा ती तीन आठवड्यांची होती. नऊ पिल्लं. वहिनींनी पोहे आणले. मी लॅबच्या खुब्यांबद्दल कुठेतरी वाचून गेलो होतो, म्हणून जरा आव आणून विचारलं, “हिच्या हिप्सचा एक्स-रे वगैरे काढलाय का?” वहिनींनी बशी टीपॉयवर ठेवली आणि म्हणाल्या, “अहो भावजी, ती लंगडते का?” मित्र हसला, मी हसलो, कुत्रीनेही शेपूट हलवलं. तो विषय तिथेच पोह्यांबरोबर संपला. बाप समोरच्या विंगमधला ब्रूनो, एवढं आपणहून सांगण्यात आलं. ब्रूनो आणि ही, दोघं एकाच डॉक्टरांच्या ओळखीने आणलेली आहेत हे मला बंड्या दोन वर्षांचा झाल्यावर उडत उडत कळलं. सख्खी भावंडं होती की काय, हे आजही मला ठाऊक नाही. तेव्हा विचारलं असतं तर कळलं असतं. पण ज्याच्या घरचे पोहे खाताय त्याला हे विचारायचं कसं?

पंधरवड्यात फोन सुरू झाले. पिल्लांना दात फुटले की आई जवळ घेईनाशी होते, आणि नऊ पिल्लं टू-बीएचकेच्या बाल्कनीत दिवसातून किती वेळा शी करतात याचा हिशेब ज्याच्या घरी झालाय त्यालाच कळतो. “कधी नेताय?” एक दिवसाआड तोच प्रश्न. पस्तिसाव्या दिवशी मित्र म्हणाला, “अरे, आता भात खातंय व्यवस्थित, ने ना.” मी नेलं. उपकाराचं पिल्लू, अजून तीन आठवडे सांभाळ म्हणायची सोय नव्हती. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकू नये असं आता २०१७ चे कुत्र्यांच्या प्रजननाचे आणि विक्रीचे नियम सांगतात. तेव्हा ते नव्हते, पण असते तरी मित्रापुढे कोण नाचवणार होतं?

त्या तीन आठवड्यांत पिल्लू भावंडांशी मारामाऱ्या करताना शिकतं की चावा जोरात बसला की समोरचा केकाटतो आणि खेळ बंद पडतो. बंड्याचा तो वर्ग बुडाला. तो धडा त्याने आमच्या हातांवर गिरवला. बायकोच्या मनगटावरचे ओरखडे बघून बँकेतली कॅशियर विचारायची, “मांजर पाळलंय का?” वर्षभर आम्ही हो म्हणत होतो, समजावून सांगण्यापेक्षा सोपं.

यात रागावण्याजोगं कुणी नव्हतं, हीच तर पंचाईत. मित्राने कुत्रीला पिल्लं होऊ दिली ती पैशांसाठी नाही, ‘एकदा तरी आई होऊ दे बिचारीला’ म्हणून. कुत्री तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाची होती. नियमात अठरा महिन्यांची अट आहे, पण मायेला कोण वय विचारतं!

आता मुरबाडची बाजू. तिथेही जाच आहे, आणि तो वेगळ्याच जातीचा आहे. ब्रीडर म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई, सगळे त्यांना ताई म्हणतात. पहिल्याच फोनवर मी किंमत विचारली आणि त्यांनी मलाच धारेवर धरलं. दिवसभर घरी कोण असतं? लिफ्ट आहे का? आधीचं कुत्रं कशाने गेलं, किती वर्षांचं होऊन? आणि मग, “दादा, घरात फरशी कुठली आहे?” म्हटलं, व्हिट्रीफाइड. “मग पिल्लू यायच्या आधी हॉलमध्ये रबरी मॅट अंथरा. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकतात त्यांचे. अंथरलीत की फोटो पाठवा.” पाठवला. मुलगी द्यायची असती तरी एवढी चौकशी झाली नसती.

मग थांबणं. त्यांच्या एका कुत्रीला राहिलंच नाही, म्हणून दुसरीच्या पिल्लांची वाट. पिल्लं जन्मेपर्यंत त्यांनी रुपयाही ॲडव्हान्स घेतला नाही, हे मात्र नमूद करतो. सहाव्या आठवड्यात बघायला गेलो तर ओसरीवर सात पिल्लं, प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर. मला हिरवी लोकर आवडली होती, कोपऱ्यात शहाण्यासारखी बसलेली. ताई म्हणाल्या, “ती बुजरी आहे. तुमच्या लिफ्टला घाबरेल. तुमच्यासाठी लाल.” लाल लोकर त्या वेळी माझी चप्पल ओढत विहिरीकडे निघाली होती. पैसे आपण द्यायचे आणि निवड त्यांनी करायची, हे पचायला मला वेळ लागला. (लिफ्टचं म्हणाल तर लाल लोकरीला पहिल्या दिवसापासून लिफ्ट म्हणजे सहल वाटते.)

करारात आमच्या आईला लागलेलं एक कलम आहे: काही कारणाने कुत्री ठेवता आली नाही तर परस्पर कुणाला न देता ताईंकडेच परत आणायची. “आपण कुत्रं टाकून देणारे दिसतो का हिला?” आई दोन दिवस धुमसत होती. मला मात्र ते वाचून बरं वाटलं होतं, पण आईसमोर बोललो नाही.

केसीआयच्या कागदांबद्दल थोडं, कारण बरेच जण तिथेच भुलतात. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचं सर्टिफिकेट पिल्लाचे आईबाप, आजेआजी, पणजी-पणजोबा कोण ते सांगतं. ते कुळाचा दाखला आहे, प्रकृतीचा नाही. आमचं यायला चार महिने लागले, आणि ते आल्याने चिंगीच्या वागण्यात काडीचा फरक पडला नाही. त्यावर तिचं नाव असं काही भारदस्त आहे की ते वाचून ती मान वाकडी करते. मानेत टोचलेल्या पंधरा आकडी मायक्रोचिपचंही तसंच. सोसायटीतल्या निम्म्या लोकांना वाटतं की हरवली तर मोबाइलवर दिसेल. ती फक्त स्कॅनर टेकवला की नंबर सांगते. तेव्हा एखादा ब्रीडर नुसतेच कागद नाचवत असेल तर जरा सबुरीने घ्या.

मला पटलं ते वेगळंच. चहा झाल्यावर, मी विचारायच्या आत, ताईंनी कपाटातून खाकी पाकीट काढलं आणि एक्स-रेची फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. “ही पिल्लांची आई. हा खुब्याचा खड्डा, हा मांडीच्या हाडाचा गोळा. किती आत बसलाय बघा.” ए ते ई अशी खुब्यांची प्रतवारी असते, ए सगळ्यांत चांगली; ही बी, बाप ए. एक्स-रे वर्ष पूर्ण झाल्याशिवाय काढून फारसा अर्थ नसतो, हेही तिथेच कळलं. मग त्यांनी दुसरी फिल्म लावली, जी त्यांनी दाखवली नसती तर मला कळलंही नसतं. त्यात गोळा खड्ड्याच्या कडेशी आलेला, एखादी वाटी उथळ असावी तसा. “हा तो,” म्हणत त्यांनी दारात पसरलेल्या काळ्या कुत्र्याकडे बोट केलं. तिथल्या सगळ्यांत देखणा तोच होता. “सी आला. याला ब्रीडिंगला घेत नाही मी.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “लंगडतो का?”

“नाही. कदाचित कधी लंगडणारही नाही,” ताई म्हणाल्या आणि फिल्म पाकिटात घातली.

बंड्या तीन वर्षांचा असताना जिना चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलायला लागला, सशासारखे. आम्ही त्याचा व्हिडिओ काढला होता, गंमत म्हणून सासऱ्यांना पाठवलाही होता. पाचव्या वर्षी डॉक्टरांनी हिप डिस्प्लेशिया सांगितला, म्हणजे खुब्याचा गोळा खड्ड्यात नीट न बसणं. नऊ वर्षांचा असताना आमची लिफ्ट अकरा दिवस बंद पडली. तेव्हा त्याच्या पोटाखालून जुना टॉवेल घालायचा, दोन्ही टोकं वर धरून मागचा भार उचलायचा आणि सहा मजले उतरायचं, दिवसातून तीनदा. दुसऱ्या मजल्यावर तो थांबून माझ्याकडे बघायचा, जणू दमलोय तो मीच.

सगळं रक्तानेच होतं असं मी म्हणणार नाही. बंड्याचं वजन अडतीस किलोवर गेलं होतं ते आमच्या तुपाच्या पोळ्यांनी. फरशी गुळगुळीत होती आणि सोफ्यावरून उड्या मारायला आम्हीच शिकवलं होतं. उलट, आईबाप दोघांचे खुबे चांगले असूनही पिल्लाचे बिघडू शकतात. ताईंनी ते करारातच लिहून दिलंय. म्हणजे सहापट पैशांत हमी मिळते असं समजू नका. तुमच्या ओळखीत असं घर असेल जिथे एक्स-रेचं नाव काढलं तर बशी खाली ठेवली जात नाही आणि पिल्लू छप्पन्न दिवस आईजवळ राहू देतात, तर मी म्हणेन तेच घ्या. कुकरच्या शिट्ट्यांत वाढलेलं पिल्लू सोनं असतं. मला तसं घर अजून भेटलं नाही, इतकंच.

बंड्याच्या खुब्यांचं मी मित्राला कधी सांगितलंच नाही. कळलं तोवर त्या कुत्रीला आणखी दोनदा पिल्लं होऊन गेली होती, तीही ब्रूनोचीच, आणि वाटलं, उगाच कशाला वाईटपणा घ्या. मित्र अजून मित्र आहे. त्याच्याकडे हल्ली पर्शियन मांजर असते.

चिंगीला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. परवा मुरबाडहून फोन आला होता. “एक्स-रे काढाल तेव्हा फिल्म मला पाठवा, दादा. वाईट आली तर आधी मला पाठवा. तिच्या आईचं पुढचं मेटिंग मी तोवर थांबवलंय.”