पट्ट्यांविना युव्हेंटस : २०१९-२० ची होम जर्सी

इंग्लंडच्या नॉट्स काउंटी संघासारख्या काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांच्या जर्सी इटलीच्या युव्हेंटस या फुटबॉल क्लबने १९०३ साली स्वीकारल्या आणि तेव्हापासून ‘बियांकोनेरी’, म्हणजे पांढरे-काळे, हेच तुरीनच्या या क्लबचे दुसरे नाव झाले. त्यामुळे आदिदासने २०१९-२० च्या हंगामासाठी पट्टे काढून अर्धी काळी, अर्धी पांढरी आणि मधोमध बारीक गुलाबी रेघ असलेली जर्सी आणली, तेव्हा अनेक चाहते संतापले, आणि तो संताप मला रास्त वाटतो. रंग तेच असले तरी लांबून, गर्दीच्या स्टँडमधूनही संघ ओळखू येतो तो पट्ट्यांमुळेच.

गुलाबी रेघेचे मात्र मनापासून कौतुक करावेसे वाटते, कारण १८९७ साली स्थापन झालेला हा क्लब सुरुवातीला गुलाबी रंगातच खेळत असे. नुसते कापड म्हणून पाहिले तर रचना सुटसुटीत आहे, रोज वापरायलाही शोभते. याच जर्सीत संघाने सलग नववे लीग विजेतेपद मिळवले, म्हणून संग्राहकांनी ती जरूर घ्यावी. एकच जर्सी घेणाऱ्या चाहत्याने मात्र पट्ट्यांचीच निवडावी. पुढच्याच हंगामात पट्टे परत आले.