वर्डकॅम्पहून आलात, आता ब्लॉग कुठे थाटायचा?

वर्डकॅम्पला, म्हणजे वर्डप्रेस या ब्लॉग आणि वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या मेळाव्याला, किंवा एखाद्या ओपन सोर्स मीटअपला जाऊन आलेल्या माणसाच्या पिशवीत वापूचे (वर्डप्रेसच्या शुभंकराचे) स्टिकर असतात, एखादा टी-शर्ट असतो, फोनमध्ये क्यूआर कोड दाखवून जमवलेले लिंक्डइन संपर्क असतात आणि डोक्यात 'आता आपणही लिहायला लागायचं' हा किडा वळवळत असतो. रात्री लॅपटॉप उघडला की 'काय लिहू' याच्याही आधी 'कुठे लिहू' हा प्रश्न आडवा येतो. ब्लॉगर, वर्डप्रेस डॉट कॉम, स्वतःच्या होस्टिंगवरचं (भाड्याच्या सर्व्हरवरचं) वर्डप्रेस, सबस्टॅक ही ईमेलने लेख पाठवणारी सेवा, की सरळ लिंक्डइनच?

कार्यक्रमात मिळालेला सल्ला ऐकावा, पण देणाऱ्याचं पोट कशावर चालतं तेही बघावं. वर्डकॅम्पच्या हॅपिनेस बारवर, म्हणजे मदतीच्या टेबलावर, बसलेली मंडळी अडल्या-नडल्याला मनापासून, फुकट मदत करतात. मात्र त्यांचा अख्खा दिवस प्लगिन (वरून जोडायच्या सोयी) आणि थीम (साइटच्या रूपाचे साचे) यांत जातो, त्यामुळे स्वतःचं होस्टिंग सांभाळणं त्यांना डाव्या हातचा मळ वाटतो. बँकेत किंवा शाळेत नोकरी करून आठवड्याला एखादा लेख लिहू पाहणाऱ्याचं गणित वेगळं असतं.

लिंक्डइनचं आधी उरकून टाकू. ओळख ताजी असताना तिथे लिहिलेलं लगेच वाचलं जातं, हा फायदा खरा आहे. पण पोस्टला 3000 अक्षरांची मर्यादा आहे, आणि आज टाकलेलं सहा महिन्यांनी शोधायला गेलात तर स्वतःचंच सापडताना नाकी नऊ येतात. त्यामुळे लिंक्डइनवर चार ओळी आणि दुवा टाकावा, मूळ लेख दुसरीकडे असावा. स्वतःच्या साइटचा आग्रह धरणाऱ्या इंडीवेबवाल्यांचं हेच सूत्र आहे: आधी आपल्या जागेवर, मग इतरत्र.

ब्लॉगर आणि वर्डप्रेस

खरी निवड या दोघांत आहे. ब्लॉगर 1999 मध्ये पायरा लॅब्सने सुरू केलं आणि 2003 मध्ये गूगलने विकत घेतलं. त्याच वर्षी मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेस आणलं. वर्डप्रेसची दोन रूपं आहेत आणि नवखा माणूस हमखास तिथेच गोंधळतो. डॉट कॉम ही ऑटोमॅटिक कंपनीची तयार सेवा. डॉट ओआरजीवरून मिळतं ते सॉफ्टवेअर. ते आपण भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर चढवायचं असतं. सॉफ्टवेअर फुकट आहे, सर्व्हर नाही.

मराठीत लिहिणाऱ्याला फरक जाणवतो तो पत्त्यात. ब्लॉगरवर देवनागरी शीर्षक दिलं की पत्ता बनवताना ते सगळी देवनागरी अक्षरं गाळून टाकतं. मग लेखाचा पत्ता होतो नुसता 'ब्लॉग-पोस्ट', पुढच्याला शेपटीला एक आकडा. दहा लेख झाले की कोणता दुवा कशाचा हे तुम्हालाही कळत नाही. उपाय सोपा आहे: प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये, म्हणजे लेखाच्या कायमच्या पत्त्यात, रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द टाकायचे. नंतर बदलायचं म्हटलं तर लेख पुन्हा ड्राफ्टमध्ये न्यावा लागतो.

वर्डप्रेस उलट करतं. ते देवनागरी ठेवतं, आणि ब्राउझरच्या पट्टीत ते झकास दिसतंही. पण तोच दुवा कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाका. प्रत्येक अक्षराचे आणि प्रत्येक मात्रेचे तीन-तीन बाइट, आणि प्रत्येक बाइटला टक्क्याचं चिन्ह धरून तीन खुणा. म्हणजे एका 'पुणे' या शब्दाच्या 36 खुणा होतात. पत्त्याच्या या भागाला वर्डप्रेसमध्ये 200 खुणांची हद्द असल्याने मात्रा धरून बाविसेक अक्षरांनंतर शीर्षक मध्येच कापलं जातं. मावशीला पाठवलेला असला दुवा तिला व्हायरस वाटला तर तिचा दोष नाही. तेव्हा इथेही स्लग, म्हणजे पत्त्याचा हा भाग, रोमनमध्येच द्यावा.

अक्षरांचंही बघायला हवं. पुष्कळ थीम रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या असतात. देवनागरी मग वाचणाऱ्याच्या फोनमध्ये जो फाँट असेल त्यावर सोडलेली असते. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसायला लागतात ते बऱ्याचदा यामुळे. गूगल फाँट्सवर 'तिरो देवनागरी मराठी' नावाचा फाँट फुकट आहे, त्यात ही दोन्ही अक्षरं आपल्या वळणाची आहेत. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' पडद्यावर वाचायला सुटसुटीत. ब्लॉगरवर थीमचा एचटीएमएल उघडून फाँट घालता येतो, एकदा हिंमत केली की झालं. स्वतःच्या वर्डप्रेसवर तर 2024 च्या 6.5 आवृत्तीपासून फाँट लायब्ररीच आली आहे. फुकटच्या वर्डप्रेस डॉट कॉमवर मात्र आपलं सीएसएस (साइट कशी दिसावी याचे नियम) लिहिता येत नाही, आणि वर त्यांच्या जाहिराती झळकतात. फुकटातच राहायचं असेल तर मी ब्लॉगरला पसंती देईन. तिथे तुम्ही स्वतः लावल्याशिवाय जाहिरात येत नाही.

पैसे

ब्लॉगरवर स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचं स्वतःचं नाव, जोडायला गूगल काही घेत नाही. डोमेनचे वर्षाला साधारण हजाराच्या आतबाहेर पडतील तेवढेच. स्वतःच्या होस्टिंगचं पहिलं बिल मोहात पाडणारं असतं, कारण सवलत तीन वर्षांचे पैसे एकदम भरण्यावर असते. नूतनीकरणाचा दर त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. तो आधी वाचावा. शिवाय अपडेट, बॅकअप आणि स्पॅम हा पसारा आपलाच. जुनाट प्लगिन तसंच पडू दिलं की तिथूनच घुसखोरी होते. ज्याला या कामात गोडी आहे, किंवा ज्याला पुढे वर्डप्रेसवरच नोकरी-व्यवसाय करायचा आहे, त्याने बेधडक स्वतःचं होस्टिंग घ्यावं. त्याचा ब्लॉग हीच त्याची प्रयोगशाळा.

सबस्टॅक या सगळ्यापासून थोडं बाजूला आहे. लेख थेट वाचकाच्या ईमेलमध्ये जातो आणि वर्गणीदारांची यादी तुम्हाला उतरवून घेता येते, ही त्याची जमेची बाजू. वाचकांकडून पैसे घ्यायचे म्हटलं की मात्र स्ट्राइप या ऑनलाइन पैसे स्वीकारायच्या सेवेचं खाते लागतं, आणि भारतात ते सध्या कुणालाही सरसकट उघडता येत नाही. आणि कार्यक्रमात हातात पडलेल्या व्हिजिटिंग कार्डांवरचे ईमेल न विचारता यादीत घालू नका. एवढ्यावरून ओळखी तुटतात.

गिटहब पेजेस या साइट ठेवायच्या सेवेचं नाव डेव्हलपर मंडळी घेतील. फुकट, वेगवान, डोमेनही जोडता येतं. गिट (कोडमधले बदल सांभाळायचं साधन) येत असेल तर यासारखं काही नाही. येत नसेल तर ब्लॉग लिहिण्यासाठी म्हणून ते शिकायला बसू नका, ब्लॉग राहून जाईल.

'गूगलने ब्लॉगर बंद केलं तर?' हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, आणि तो रास्त आहे. 2013 मध्ये गूगल रीडर गेलं, 2014 मध्ये ऑर्कुट, 2019 मध्ये गूगल प्लस. ब्लॉगर अजून उभं आहे, पण त्यावर कोणाची सही नाही. म्हणून माझा आग्रह जागेपेक्षा नावाचा आहे. पहिल्या दिवसापासून स्वतःचं डोमेन असलं की उद्या ब्लॉगरवरून सगळे लेख उतरवून वर्डप्रेसमध्ये आयात करता येतात आणि वाचक त्याच नावावर येत राहतो. एवढंच की जुन्या लेखांचे पत्ते तसेच राहावेत म्हणून पर्मालिंकची रचना जुळवून घ्यावी लागते.

डॉट भारत घ्यावं का? देवनागरीतलं हे डोमेन 2014 पासून मिळतं आणि कौतुकाचंही आहे. पण ईमेलमध्ये, फॉर्ममध्ये ते पुष्कळदा रोमन अक्षरांच्या सांकेतिक भेंडोळ्यात बदलून दिसतं. छापील कार्डावर शोभतं, फोनवर सांगताना अडतं. मुख्य पत्ता डॉट इन किंवा डॉट कॉम ठेवावा आणि हौस असेल तर डॉट भारत त्याच्याकडे वळवावं.

तर ज्याला फक्त लिहायचं आहे, त्याने ब्लॉगर अधिक स्वतःचं डोमेन. मित्रमंडळी मिळून चार-पाच जण लिहिणार असाल, एक जण संपादन करणार असेल, तर मात्र वर्डप्रेसच घ्या. तिथे लेखक आणि संपादक यांचे अधिकार नीट वेगळे ठेवता येतात. आणि डोमेनची नोंदणी ऑफिसच्या ईमेलवरून करू नका. नोकरी बदलली की नूतनीकरणाची सूचना जुन्या इनबॉक्समध्ये पडून राहते, आणि नाव भलताच कोणी उचलतो.