हत्तींसाठी आठवडा द्यायचाय: मथुरा की चियांग माई?

सुट्टीतले काही दिवस हत्तींच्या सेवेत घालवायचं मनात आलं, की मराठी माणसापुढे साधारण दोन नावं येतात. एक म्हणजे आग्रा-मथुरा रस्त्यावर चुरमुरा गावाजवळचं, वाइल्डलाइफ एसओएस संस्थेचं हत्ती केंद्र. दुसरं थायलंडमधलं, चियांग माईच्या उत्तरेला मे तेंगच्या खोऱ्यातलं एलिफंट नेचर पार्क. दोन्हीकडे हत्तीवर बसायला मिळत नाही. जिथे मिळतं, त्या जागेला मी सेवाकेंद्र म्हणणार नाही. हत्ती अनोळखी माणसाला पाठीवर घेतो, त्यामागे बहुतेक वेळा लहानपणचा मार आणि साखळदंड असतो.

काम मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच. सकाळ लीद उचलण्यापासून सुरू होते. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास खातो, पण त्यातलं निम्मंही पचवत नाही. बाकीचं फावड्याने गोळा करायचं. मग भोपळे, कलिंगडं, केळी धुवायची आणि चिरायची. म्हाताऱ्या हत्तींचं वेगळं काढावं लागतं. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. शेवटचा झिजला की चारा चावता येत नाही. मग त्यांना लापशी किंवा भात-केळ्यांचे गोळे करून द्यायचे. यात हत्तीला हात लागण्याचे प्रसंग फार थोडे, आणि ते तसंच असायला हवं.

फरक आहे तो तिथे काय दिसतं यात. मथुरेला 2018 मध्ये देशातलं पहिलं हत्ती रुग्णालय सुरू झालं: डिजिटल एक्स-रे, लेझर उपचार, उभं राहता न येणाऱ्या हत्तीला उचलायची यंत्रणा. इथले हत्ती भीक मागण्यातून, वरातींतून, सर्कशीतून आलेले. 2014 मध्ये सोडवलेला राजू सुमारे पन्नास वर्षं साखळीत होता. डांबरावर आणि सिमेंटवर उभं राहून तळव्याला गळवं होतात, नखं चिरतात, म्हणून इथे रोजचा मोठा वेळ पायांवर जातो. औषधी पाण्यात पाय बुडवणं, नखं तासणं, जखम धुणं. हत्ती लोखंडी गजांमधून स्वतःहून पाय पुढे करतो, त्याबद्दल त्याला फळ मिळतं, आणि अंकुश लागत नाही. ज्याने आजवर फक्त अंकुशाच्या धाकाने चालणारा हत्ती पाहिला, त्याने हे जरूर पाहावं.

चियांग माईला कळप दिसतो. थायलंडने 1989 मध्ये जंगलतोडीवर बंदी घातली आणि लाकूड ओढणारे हत्ती बेकार झाले. त्यांतले कितीतरी पर्यटनाच्या धंद्यात ओढले गेले. सेंगदुआन उर्फ लेक चैलर्ट यांनी 1990 च्या दशकात उभ्या केलेल्या या उद्यानात आज शंभराहून जास्त हत्ती आहेत. नदीकाठच्या मोकळ्या जागेत ते आपापली टोळकी करून राहतात. पिल्लू ओरडलं की सख्खी नसलेल्या ‘मावश्या’ही धावत येतात. एकमेकांच्या तोंडात सोंड घालून विचारपूस चालते. हत्तीचं समाजजीवन समजून घ्यायचं तर इथली एक दुपार पुष्कळ शिकवते. पण ही जागा पुराच्या पट्ट्यात आहे. ऑक्टोबर 2024 च्या पुरात इथले दोन हत्ती गेले. स्वयंसेवकांचे गट मोठे, साधारण आठवड्याचा ठरलेला कार्यक्रम, जेवण शाकाहारी. उद्यानात कुत्र्या-मांजरांचाही मोठा गोतावळा आहे.

भाषेचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. मथुरेत माहुताशी हिंदीत थेट बोलता येतं: हा कोणाला घाबरतो, हिला काय आवडत नाही, रात्री आडवी होते का. चियांग माईला हेच दुभाष्याकरवी कळतं, आणि निम्मं वाटेतच गळतं.

खर्चात तर तुलनाच नाही. पुण्याहून गोवा एक्सप्रेसने थेट मथुरेला उतरता येतं; तिकडे विमानभाडं आधी, बाकीचं नंतर. मे-जूनमध्ये मथुरेला जाऊ नका, उन्हाने काम होत नाही. चियांग माईला फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतं-रानं पेटवल्याचा धूर कोंडतो. दोन्हीकडे नोव्हेंबर बरा; मथुरेत डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या रखडतात.

पहिल्यांदाच जात असाल तर मी मथुरा सांगेन. 2014 मध्ये जोतिबाच्या देवळातल्या सुंदर हत्तीला बंगळुरूजवळ बन्नेरघट्ट्याला हलवलं, 2025 मध्ये नांदणीच्या मठातली हत्तीण महादेवी परत यावी म्हणून कोल्हापूर रस्त्यावर उतरलं. पाळलेल्या हत्तीवर प्रेम करणं म्हणजे नेमकं काय, हा आपल्या घरातला वाद आहे, आणि त्यात बोलण्याआधी अशा हत्तींचे पाय जवळून पाहिलेले असावेत. चियांग माई दुसऱ्या खेपेला ठेवा. कळपाचं सुख तेव्हा जास्त कळेल.

जाताना पूर्ण बाह्यांचे जुने कपडे, गमबूट, धनुर्वाताची लस एवढं पुरे. आणि बरेच दिवसांचा खोकला असेल तर क्षयाची तपासणी करून मगच निघा: हा आजार माणसाकडून हत्तीला होतो, आणि त्याचे उपचार महिनोन्‌महिने चालतात.