नौपाड्यात घडवलेला आपला लिबरेटर

नौपाड्यातल्या या छोट्या मॉडेलच्या दुकानाबद्दल मनापासून चांगलं लिहिते आहे. बी-24 लिबरेटर बॉम्बरची किट बाजारात मिळतात, पण त्यातल्या चिकटवायच्या खुणा (डेकल्स) बहुतेक अमेरिकन. मला आपल्या हवाई दलाचं हवं होतं. बाबा लोहगावला नंबर 6 स्क्वाड्रनमध्ये एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे, होते. 1951 साली पुण्यात ही स्क्वाड्रन पुन्हा उभी राहिली ती लिबरेटरवरच.

दुकानदाराला मी आपल्या एका लिबरेटरचा एचई 807 हा सिरियल नंबर दिला. तो म्हणाला, "ताई, मग पेटीतली डेकल्स बाजूला ठेवू. राउंडेल मी छापून घेतो." राउंडेल म्हणजे विमानावरचं हवाई दलाचं गोल चिन्ह. आणि त्याने खरंच अभ्यास केला. हे विमान मूळचं अमेरिकन बनावटीचं, ब्रिटिशांकडे केएन 751 या नंबराने 99 स्क्वाड्रनबरोबर कोकोस बेटांवर होतं. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कितीतरी लिबरेटर कानपूरला सोडून दिली, तीही कुणी पुन्हा उडवू नयेत म्हणून मुद्दाम नासधूस करून. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी तिथेच जुजबी डागडुजी केली, ती उडवत बंगळूरला नेली आणि चाळीसेक विमानं नव्याने उभी केली. 1968 पर्यंत ती आपल्या सेवेत होती! 807 पुढे ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला भेट दिलं.

आता मॉडेल. 1:72 मापात पंखांची लांबी साधारण 46 सेंटीमीटर, तेव्हा शोकेस आधी मोजून घ्या. बॉम्ब-बेचे, म्हणजे बॉम्ब ठेवायच्या कप्प्याचे, दरवाजे दुकानाच्या शटरसारखे वर सरकणारे, तेही उघडे दाखवलेत. लिबरेटरचं मॉडेल मागे कलंडून शेपटीवर बसतं, म्हणून कॉकपिटच्या खाली शिसं भरलंय. पुढचं चाक नीट टेकतं. राउंडेल बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा, अगदी बरोबर.

वरच्या टरेटच्या (मशीनगनच्या फिरत्या घुमटाच्या) काचेवर गोंदाचा पुसट डाग राहिलाय. पावसाळ्यात रंग वाळेना म्हणून मॉडेल उशिरा मिळालं. साडेआठ हजार घेतले. एवढ्या कामाला मला ते जास्त वाटले नाहीत.

ऑर्डर देताना सिरियल नंबर आणि साल दोन्ही सांगा, कारण रंग आणि खुणा काळाप्रमाणे बदलतात. घरातला जुना फोटो असेल तर जरूर न्या. बाबांचा फोटो त्याने समोरच मोबाईलवर टिपला आणि लगेच परत दिला.