एकाच केसपेपरवर मनाचीही तपासणी : आमच्या भागातील महापालिकेचा दवाखाना

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना गेल्या पावसाळ्यापासून छातीत धडधडणे, झोप न लागणे आणि अंग गळून जाणे असा त्रास होत होता. खासगी दवाखान्यांत ईसीजी आणि सलाइनवर त्यांचे बरेच पैसे गेले, पण मनाबद्दल कोणी अवाक्षरही विचारले नाही. शेवटी पर्वतीच्या पायथ्याशी राहणाऱ्या त्यांच्या शेजारणीने महापालिकेचा दवाखाना सुचवला आणि मी त्यांच्यासोबत गेले. त्यानंतरच्या चार महिन्यांचा अनुभव येथे नोंदवत आहे.

या दवाखान्यात मनाच्या आजारासाठी वेगळी खिडकी नाही, ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटली. येरवड्यात मनोरुग्णालय असल्याने ‘येरवड्याला पाठवा’ हे शब्द पुण्यात ज्या अर्थाने वापरले जातात, त्याची धास्ती मावशींनाही होती. मनोरुग्णालयाचे नाव जरी काढले असते, तरी त्या रिक्षात बसल्या नसत्या. येथे मात्र रक्तदाब आणि साखर तपासण्याच्या रांगेतच, त्याच केसपेपरवर, सिस्टरांनी त्यांना गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न विचारले. पीएचक्यू-९ या नावाने ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण असतात आणि एकूण २७ पैकी १० किंवा अधिक गुण आल्यास नैराश्याची सविस्तर तपासणी आवश्यक मानली जाते.

मन एकाग्र होते का, या प्रश्नाला मूळ नमुन्यात वर्तमानपत्र वाचण्याचे आणि टीव्ही पाहण्याचे उदाहरण आहे. मावशींना वाचता येत नाही हे ओळखून सिस्टरांनी विचारले, “कणीक मळताना मीठ घातलं की नाही, हे विसरायला होतं का?” मावशी लगेच म्हणाल्या, “रोजच होतं हो. दोन घरच्या बायका बोलल्या मला त्यावरून.” त्या दोघींपैकी एक मी होते, आणि तेव्हा मला मान वर करवली नाही.

मावशींना १४ गुण आले. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी सांगितली, गोळी सुरू केली आणि तिचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, बरे वाटले तरी गोळी मनाने बंद करायची नाही, हे दोनदा बजावले. एकदा तारीख चुकली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सिस्टरांचा फोन आला. आता मावशींना झोप लागते.

उणिवाही आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याविषयीचा असतो. तो विचारताना सिस्टरांनी पडदा ओढला खरा, परंतु पडद्यापलीकडे हातभर अंतरावर रांग उभी होती, आणि त्या रांगेत मावशींच्याच वस्तीतल्या बायका होत्या. अशा जागी कोण खरे उत्तर देईल? समुपदेशक आठवड्यातून एकदाच, तेही सकाळी येतात, म्हणजे घरकाम करणाऱ्या बाईने त्या दिवशीच्या कामावर पाणी सोडायचे. दुसऱ्या महिन्यात गोळ्या संपल्या होत्या आणि त्या बाहेरून विकत घ्याव्या लागल्या.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधील कलम १८ प्राथमिक स्तरापासूनच ही सेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेत सामावून घ्यायला सांगते, परंतु आवश्यक यादीतील औषधे कायम मोफत मिळण्याची हमी मात्र सामुदायिक आरोग्य केंद्र, म्हणजे प्राथमिक स्तराच्या वरची पायरी, आणि त्याहून वरच्या संस्थांपुरतीच देते. गरीब रुग्ण ज्या पायरीवर सर्वांत आधी येतो, नेमकी तीच पायरी या हमीतून सुटली आहे, याचे मला फार वाईट वाटते. निदान महापालिकेने तरी येथे तीन महिन्यांचा साठा ठेवावा आणि आठवड्यातील एक संध्याकाळ समुपदेशनासाठी द्यावी.

जाणाऱ्यांनी जुने रिपोर्ट सोबत न्यावेत आणि शक्यतो लवकर पोहोचावे, कारण गर्दी कमी असली की सिस्टरांना बोलायला वेळ मिळतो. रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते. मावशींच्या मोबाइलमध्ये तो सिस्टरांनीच भरून दिला आहे.